उत्तम गेम, विखुरलेले खेळणारे

(माधवनगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात मुलांच्या हातात चांगली पुस्तके पडावीत म्हणून खटपट केली. आज त्याच घरांतल्या मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि त्या मोबाइलमध्ये व्हिडिओ गेम आहेत. चांगला गेम कोण घडवतो आणि घडवल्यावर तो खपत का नाही, हा विषय मी आज निवडला तो गुरुजींच्या कामाला धरूनच आहे, असे मी मानतो.

मी याच व्यवसायात आहे. गेम करणाऱ्या तरुण मुलामुलींशी माझे रोजचे बोलणे असते. त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, "सर, एवढा जीव ओतून केलं, बघणारे वाहवा करतात, मग विकलं का जात नाही?" याची दोन उत्तरे नेहमी कानावर येतात. लोकांना चव नाही, हे एक. जाहिरात कमी पडली, हे दुसरे. मला दोन्ही पटत नाहीत. थोड्यांसाठी केलेल्या गेमलाही खेळणारे असतात, हजारोंनी असतात, पण ते गावोगावी, देशोदेशी विखुरलेले असतात. अशा विखुरलेल्या माणसांना एका जागी आणणारी व्यवस्था पुस्तकाला आहे, नाटकाला आहे, मराठी सिनेमाला थोडीफार आहे. गेमला ती नाही, आणि करणारा कितीही कसबी असला तरी त्याला ती एकट्याने उभी करता येत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे, पण जरा तपशिलात जाऊन.

सांगलीच्या पंचक्रोशीत असले काही बोलायचे तर विष्णुदास भाव्यांना वगळून चालणार नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत त्यांचे 'सीतास्वयंवर' हे नाटक झाले, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने झाले, हेही ठाऊक असते. आपण त्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र घाईने वाचतो. १८५१ मध्ये अप्पासाहेब गेले आणि दरबारचा आधार तुटला. नाटके तीच होती, मंडळी तीच होती, गुण तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त खर्च सोसणारा राहिला नाही. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाले. त्याच वर्षी त्यांनी 'राजा गोपीचंद' हिंदीतूनही केले, कारण मुंबईचा प्रेक्षक एका भाषेचा नव्हता.

आपल्याकडे ही हकीगत मराठी रंगभूमीच्या गौरवासाठी सांगतात. मी ती धंद्याच्या नजरेने वाचतो. सांगलीत भाव्यांपुढे पैसे देणारा एक जण होता आणि त्याची आवड त्यांना माहीत होती. मुंबईत पैसे देणारे अनेक होते, पण अनोळखी. त्यांना गाठायला बांधलेले नाट्यगृह लागले, संध्याकाळी घराबाहेर पडायची सवय असलेले शहर लागले, तिकिटाचा दर लागला, भाषेचा विचार लागला. यातले नाट्यगृह आणि शहर भाव्यांनी उभारलेले नव्हते. ते तिथे होते म्हणून सांगलीचे नाटक धंदा म्हणून उभे राहिले.

आता पुण्याकडे येऊ. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम प्रसिद्ध केला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड ही त्यामागची प्रमुख मंडळी. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. वाटेत लागणारे वाडे आणि महाल राजस्थानी बांधणीचे आहेत. भिंतींवरची चित्रे पहाडी शैलीची आहेत आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या खेळातून उलगडतात. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहत आपसात बोलत असतात आणि त्या बोलण्यातून आपल्याला गोष्ट कळते. एका खांबावरून दुसऱ्यावर झेपावताना, भिंतीवर दोन पावले धावून असुराच्या डोक्यावरून उलटी उडी घेताना, राजीच्या अंगात मल्लखांब शिकलेल्या पोरीची लवचीकता दिसते. हे सगळे थोड्या माणसांनी केले आहे. मी हा गेम खेळलो तेव्हा माझी छाती भरून आली. आपल्याकडच्या भिंती, आपल्याकडची दगडी जाळी, दिव्यांचा आपल्याकडचा पिवळा उजेड पडद्यावर इतक्या निगुतीने उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

आता या गेमचा प्रवास पाहा. २०१७ मध्ये स्टुडिओने किकस्टार्टरवर लोकवर्गणीसाठी हाक दिली. ठरवलेली रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम असा की लक्ष्य गाठले नाही तर जमलेलेही हाती येत नाही. तरी मंडळी थांबली नाहीत. पुढे प्रकाशक मिळाला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम बाहेर आला, तो निन्टेन्डो स्विच या यंत्रावर. बाकीच्या यंत्रांवर आणि संगणकावर तो १५ ऑक्टोबरला आला. निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणलेच नव्हते. कुणी परदेशातून आणलेले, कुणी मुंबईच्या बाजारात चढ्या दराने घेतलेले, एवढीच यंत्रे इथे होती. म्हणजे पुण्यात जन्मलेला गेम पुण्याच्या माणसाला पहिले दोन महिने रीतसर खेळताच येत नव्हता. भाषा इंग्रजी होती. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले.

यासाठी मी स्टुडिओला दोष देणार नाही. त्यांच्या जागी मीही हेच केले असते. निन्टेन्डोच्या छोट्या गेमच्या कार्यक्रमात नाव पुकारले जाणे ही त्या वेळी जगभरच्या लोकांसमोर उभे राहण्याची सर्वांत मोठी संधी होती. पैसे देऊन गेम घेणारा माणूस अमेरिकेत, युरोपात, जपानमध्ये होता.

त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी जी पाच नावे होती त्यांत 'राजी' होता. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला. मूळचा तो एका इंग्रज तरुणाने जवळजवळ एकहाती केलेला, चित्रांच्या दृष्टीने ओबडधोबड, तेव्हा पुरा झालेलाही नव्हता. चार मित्र मिळून एका घरात भूत शोधतात, एवढाच त्याचा जीव. पुढे त्याच्या एक कोटीहून कितीतरी अधिक प्रती खपल्या. या दोन गेमना शेजारी ठेवून पाहिले म्हणजे माझा मुद्दा उघड होतो. 'फॅस्मोफोबिया' घेणारा माणूस आपल्या तिघा मित्रांनाही घ्यायला लावतो, कारण त्यांच्यावाचून मजा नाही. ते चौघे किंचाळताना यूट्यूबवर दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते, आपणही खेळू. प्रत्येक प्रत पुढच्या प्रतींना बोलावते. 'राजी' माणूस एकट्याने, साधारण पाच-सहा तासांत खेळतो आणि गोष्ट संपली की गेम संपतो. त्याची शिफारस तोंडोतोंडी होते, आणि तोंडोतोंडी पोचायला ओळखीची तोंडे जवळपास असावी लागतात.

गोष्ट सांगणाऱ्या गेमची आणखी एक अडचण आहे. गोष्ट नुसती पाहूनही कळते. २०१६ मध्ये 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' नावाचा गेम आला. आपल्या चिमुकल्या मुलाच्या कर्करोगाबद्दल आईवडिलांनीच तो केला होता. यूट्यूबवर इतरांनी खेळलेला तो गेम लाखो लोकांनी पाहिला, ते रडले, त्यांनी प्रतिक्रिया दिल्या. करणाऱ्यांनी मात्र काही आठवड्यांनी जाहीर लिहिले की विक्रीतून त्यांच्या हातात अजून काही आलेले नाही. मला हे फार लागले. कारण तिथे कलाकृती पोचली होती, मनाला भिडलीही होती, आणि तरी तिच्या मोबदल्याचा रस्ता भलतीकडून गेला.

आता दुकानात जाऊ, कारण बहुतेक गेमचा निकाल तिथे लागतो. संगणकावरच्या गेमचे जगातले सर्वांत मोठे दुकान म्हणजे स्टीम. २०१७ पासून तिथे १०० डॉलर भरले की कुणालाही आपला गेम मांडता येतो. फार चांगली सोय झाली. बुधगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली चार पोरे वसतिगृहात बसून केलेला गेम जगासमोर ठेवू शकतात. पण दार सर्वांना उघडले की आत गर्दी होणारच. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक गेम आले. रोजचे पन्नास झाले. कुठल्या वर्तमानपत्राने, कुठल्या समीक्षकाने रोज पन्नास गेम खेळून पाहावेत?

मग निवड कशी होते? गिऱ्हाइकासमोर आधी येते ते बोटभर रुंदीचे एक चित्र, त्यावर गेमचे नाव आणि खाली किंमत. त्या चित्रावर नजर दोन सेकंद टिकली तर तो आत येतो. आत आल्यावर चित्रफीत सुरू होते. आमची मुले चित्रफितीच्या सुरुवातीला स्टुडिओचे बोधचिन्ह टाकतात, मग काळा पडदा, मग डोंगरामागून उगवणारा सूर्य, मग संथ बासरी. मेहनत दिसते, पण गिऱ्हाईक तोवर निघून गेलेला असतो. त्याला पहिल्या पाच सेकंदांत बघायचे असते की माझ्या हाती काय काम आहे. पळायचे, लढायचे, शेती करायची, कोडे सोडवायचे? ते दिसले तर तो खाली सरकतो, परीक्षणे वाचतो, पुष्कळदा लगेच विकत न घेता विशलिस्टमध्ये टाकतो. गेम प्रसिद्ध झाला, किंवा त्यावर मोठी सूट लागली, की विशलिस्ट केलेल्या सर्वांना दुकानाकडून मेल जातो. पहिल्या आठवड्याचा गल्ला बऱ्याच अंशी या यादीवर ठरतो, आणि पहिला आठवडा बरा गेला तर दुकान तो गेम आणखी लोकांना दाखवते. ज्याने प्रसिद्धीच्या महिनाभर आधी दुकानात पान उघडले त्याच्यासाठी ही साखळी सुरूच होत नाही. तीन वर्षे गेम केला आणि तीन आठवडे तो लोकांना सांगितला, असे मी वारंवार पाहतो.

इथे परताव्याचा नियमही आहे. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल तर पैसे परत मिळतात. ग्राहकाच्या बाजूने योग्यच आहे. पण ज्याचा गेमच दीड तासाचा आहे त्याचे काय? २०२१ मध्ये 'समर ऑफ फिफ्टी-एट' या छोट्या भयकथेच्या कर्त्याने जाहीर केले की लोक गेम पुरा करून, बरे परीक्षण लिहून, पैसेही परत घेत आहेत, म्हणून तो काही काळ गेम करणे सोडतो आहे. कथा जशी लघुकथा असू शकते तसा गेमही छोटा असावा, अशी माझ्यासारख्याची इच्छा. दुकानाचा नियम मात्र कादंबरीच्या जाडीची वस्तू धरून बेतलेला आहे.

पैशाचा हिशेब समजून घ्यायचा तर मिरजेचा विचार करा. सतारमेकर गल्लीतला कारागीर तंबोरा घडवतो. भोपळा निवडतो, वाळवतो, लाकूड तासतो, शेवटी जवारी काढतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याचेही गिऱ्हाईक थोडे आणि विखुरलेले, धारवाडपासून न्यू जर्सीपर्यंत. तरी तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण प्रत्येक तंबोऱ्याची मजुरी त्या तंबोऱ्याच्या किमतीत वसूल होते. घेणारा आला की मगच, किंवा त्याच्या सांगण्यावरूनच, काम सुरू होते. गेमचे उलटे आहे. सगळी मजुरी पहिल्या प्रतीच्या आधी खर्च होते. दुसऱ्या प्रतीला जवळजवळ काहीच पडत नाही. त्यामुळे किंमत मजुरीवरून ठरत नाही, शेजारच्या गेमवरून ठरते. आणि शेजारचा गेम दर सणाला निम्म्या दरात मिळतो.

आकडे घालून पाहू. समजा आठ जणांनी तीन वर्षे काम केले आणि प्रत्येकाने महिना फक्त ५० हजार रुपये घेतले. पुण्यात चांगल्या प्रोग्रामरला याहून जास्त मिळतात, तरी धरू. जागा, संगणक, वीज, संगीत सगळे सोडून नुसती मजुरी १ कोटी ४४ लाख झाली. गेमची किंमत ५०० रुपये ठेवली. त्यातून १८ टक्के जीएसटी गेला की उरतात ४२४. दुकानाचे ३० टक्के गेले की २९७. प्रकाशक असेल आणि तो निम्मे घेत असेल तर १४८. मजुरी भरून निघायला सुमारे ९७ हजार प्रती पूर्ण किमतीत विकाव्या लागतात. निम्म्या दरात सूट दिली तर आकडा दोन लाखांकडे जातो. चांगले मराठी पुस्तक हजार-दोन हजारांची आवृत्ती संपवते तेव्हा आपण प्रकाशकाचे अभिनंदन करतो.

म्हणून आमची मंडळी वीस-पंचवीस डॉलर देणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभी राहतात. डॉलरमधल्या एका प्रतीत इथल्या तीन-चार प्रती निघतात. यात देशाभिमानाची उणीव शोधू नये. जगभर अनेक छोट्या समाजांनी हेच केले. टोरंटोतल्या एका छोट्या गटाने तमिळ आईच्या स्वयंपाकघरावर 'वेन्बा' हा गेम केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याला २०२४ मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. इडली-पुट्टूच्या पाककृती जुळवत जुळवत परदेशी वाढणाऱ्या मुलाची आणि आईची गोष्ट त्यात आहे. आपल्या पुरणपोळीवर किंवा तांबड्या रश्श्यावर असा गेम व्हायला काहीच हरकत नाही. पण तो खपला तर बहुधा आधी बाहेरच खपेल.

घरचा बाजार असा का आहे? आपल्याकडे गेम म्हणजे मोबाइल, आणि मोबाइलवरचा गेम म्हणजे फुकट. पब्जी सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला तेव्हा माधवनगरच्या चौकातही त्याची चर्चा झाली असेल. त्याला, किंवा फ्री फायरला, आत शिरायला एक पैसा लागत नव्हता. पैसे मागितले जात ते पोशाखाचे आणि बंदुकीच्या रंगाचे. दहा वर्षे हीच सवय लागलेल्या मुलाला सुरुवातीलाच दोनशे रुपये मागणारा गेम उर्मट वाटतो. मुलांना नावे ठेवायची आणि मोकळे व्हायचे, हे मला मान्य नाही. ही सवय आपल्याच पोरांची आहे असेही नाही. 'मॉन्युमेन्ट व्हॅली' हा अतिशय देखणा, भौमितिक कोड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. त्याच्या कर्त्यांनी काही महिन्यांनी सांगितले की अँड्रॉइडवर तो जितक्या फोनवर आहे त्यातल्या फक्त ५ टक्के प्रती विकत घेतलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि हिच्यावर मला जरा थांबायचे आहे. मराठी खेळणाऱ्याला मराठीत गेम मिळत नाही, याचे एक कारण अगदी यांत्रिक आहे. गेम करायला युनिटी नावाचे साधन फार वापरतात. त्यात देवनागरी अक्षरे नेहमीच्या पद्धतीने टाकली की 'किल्ला' हा शब्द पडद्यावर मोडतो. पहिली वेलांटी 'क'च्या आधी यायला हवी ती नंतर जाऊन बसते आणि 'ल्ल' फुटून पाय मोडलेला 'ल्' आणि 'ल' वेगवेगळे दिसतात. कारण आपल्या लिपीत अक्षरे टंकलेल्या क्रमाने दिसत नाहीत, त्यांची जुळणी करावी लागते, आणि ती जुळणी त्या साधनात वर्षानुवर्षे नव्हती. मग कुणी प्रत्येक संवादाचे चित्र करून टाकतो, कुणी वेगळा प्रोग्राम लिहून वेलांट्या हलवतो, आणि बहुतेक जण कंटाळून इंग्रजी ठेवतात. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ या मोफत साधनात ही जुळणी व्यवस्थित होते. विद्यार्थ्यांनी ते वापरून पाहावे, ही माझी कळकळीची विनंती. मराठी मजकूर नीट दिसला म्हणजे गेम खपतो असे नाही. पण इयत्ता सहावीतली मुलगी जो गेम आजीला वाचून दाखवू शकते, तो दोघींचा होतो. तसा गेम आपण तिला अजून दिलेला नाही.

इथे कुणी म्हणेल, पण छोटे गेम चालतातच की. एरिक बॅरोनने एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ घालून 'स्टारड्यू व्हॅली' केला, २०१६ मध्ये काढला, आणि आज त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती गेल्या आहेत. खरे आहे. 'अमंग अस' जून २०१८ मध्ये आला तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिले नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी गेला. पण त्या दोन वर्षांत तो जिवंत राहिला होता, हे विसरू नका. करणारे तिघे होते, खर्च मामुली होता, ते त्यात भर घालत राहिले. याच्या उलट जपानचा 'ओकामी' पाहा. २००६ मध्ये आलेला, शाईच्या कुंचल्याने रंगवल्यासारखा दिसणारा, जपानी दैवतकथांचा तो गेम समीक्षकांनी डोक्यावर घेतला. विक्री बेताची झाली. त्याच वर्षी कॅपकॉम कंपनीने तो करणारा क्लोव्हर स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच्या नव्या भागाची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. अठरा वर्षांत त्याचा खेळणारा हळूहळू गोळा झाला, पण गोळा होईपर्यंत कुणी थांबले नाही. थोड्यांच्या गेमला वेळ लागतो. जो स्टुडिओ तेवढा वेळ तग धरेल असा खर्च ठेवतो, तो जगतो. म्हणून आठ जण आणि तीन वर्षे हा बेतच पहिल्या गेमला चुकीचा आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. तिघे जण आणि दहा महिने, असा बेत करा.

पण सगळा भार करणाऱ्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. नाटक मराठी समाजाने नुसते तिकीट काढून जगवले नाही. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा आहे, गावोगावच्या हौशी संस्था आहेत. पुस्तकाला १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, शासनमान्य अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत, आणि १९०९ पासूनचे दिवाळी अंक आहेत, ज्यात नवख्या कवीलाही एका नामवंताच्या शेजारी बसून हजारो घरांत जाता येते. सिनेमाला अनुदान आहे. या सगळ्यांत उणिवा आहेत, त्यावर इथेच अनेक व्याख्याने झाली असतील. तरी ही व्यवस्था आहे. नवा मराठी कवी आपल्या दहा वाचकांना शोधायला जगाच्या बाजारात उभा राहत नाही.

असा आधार गेमलाही देता येतो. पोलंडमध्ये 'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम आहे. वेढ्यात सापडलेल्या शहरातली साधी माणसे अन्न, औषध, जळण शोधत दिवस कसे काढतात, असा तो विषय. २०२० मध्ये तिथल्या सरकारने तो शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतला आणि विद्यार्थ्यांना तो मोफत मिळण्याची सोय झाली. आपल्याकडे मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ती' आहे. एका संग्रहालयात फिरत फिरत मानवी तस्करीचे वास्तव उलगडणारा हा गेम सोनीच्या 'इंडिया हीरो प्रोजेक्ट'मध्ये निवडला गेला. निवड करणारी जपानी कंपनी आहे, हे लक्षात घ्या. शाळा, ग्रंथालय, विद्यापीठ, साहित्य संस्था यांपैकी कुणी असा गेम निवडून लोकांसमोर ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केले. त्यात स्टुडिओ, गुंतवणूक, रोजगार यांचा विचार आहे, तो हवाच. खेळणाऱ्याचा, वाचकासारखा, विचार व्हायचा आहे.

ग्रंथालयात गेम ठेवायचा म्हटले तर एक खरी अडचण येते. पुस्तक विकत घेतले की ते आपले, दहा जणांना वाचायला देता येते. स्टीमवरून घेतलेला गेम आपल्या मालकीचा होत नाही, आपल्याला वैयक्तिक वापराचा परवाना मिळतो. तो परवाना ग्रंथालयाला चालत नाही. पण गेमचे हक्क स्टुडिओकडे असतील तर त्याला दुकान सोडून थेट संस्थेला वेगळा परवाना द्यायला कुणी अडवलेले नाही. एक संगणक, एक पडदा, दोन कंट्रोलर, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ. कुठल्याही तालुक्याच्या ग्रंथालयाला हे झेपण्यासारखे आहे. मुले एकत्र बसून खेळतील, एक खेळेल आणि बाकीची सांगतील, मागच्या बाकावर त्यांचे पालक बसतील. 'फॅस्मोफोबिया'ला चार मित्र आयते मिळतात. 'राजी'सारख्या एकट्याच्या गेमला तसे चार मित्र अशा खोलीत मिळू शकतात.

आता मघाचाच हिशेब पुढे नेतो. राज्यातल्या अकरा हजार ग्रंथालयांपैकी दहातल्या एकाने, म्हणजे अकराशे ग्रंथालयांनी, एका चांगल्या मराठी गेमचा संस्थेसाठीचा परवाना कर सोडून ५ हजार रुपयांना घेतला, तर स्टुडिओकडे थेट ५५ लाख येतात. दुकानाचा वाटा नाही, प्रकाशकाचा नाही. १ कोटी ४४ लाखांतून ते वजा केले तर ८९ लाख उरतात. प्रकाशकाशिवाय स्वतःच विकणाऱ्या स्टुडिओला त्यासाठी खुल्या बाजारात ३० हजार प्रती विकाव्या लागतील. तेवढे मराठी खेळणारे पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली, बंगळुरू आणि बाहेरच्या देशांत मिळून आजही आहेत, असा माझा अंदाज आहे. सांगली जिल्ह्यातल्या ग्रंथालयांच्या कार्यवाहांपैकी काही जण आज इथे आले आहेत. परवान्याचा मसुदा कसा असावा, खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवता येईल, मुलांच्या वयाप्रमाणे गेम कसे निवडावेत, याबद्दल त्यांचे प्रश्न मला आधी घ्यायला आवडतील.